फोटोतले चौदा फादर

दादाला विसरायला होतंय हे फक्त मला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दीड वर्ष मी गप्प होते. माझा भाऊ चर्चमध्ये फादर. बिशपांना कळलं असतं तर त्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना चालवणं, बंद झाली असती आणि दूर कुठल्याशा गावी, थकल्या फादरांच्या घरात त्याला नेऊन ठेवलं असतं. मग मी कुणाशी भांडायचं?

अशात बिशपांच्या कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत एक फोटो सापडला होता, साठ वर्षांपूर्वी एकत्र दीक्षा घेतलेल्या चौदा फादरांचा. मागे एकही नाव नाही, आणि चौदांतला जिवंत एकटा दादा. त्यात ती खोली बिशपांच्या खोलीला अगदी लागून! 'नाही म्हण, नाही म्हण' असं मी कानीकपाळी ओरडले. ऐकेल तर शपथ.

तिथल्या सिस्टरने फोटो पुढे ठेवला आणि पेन्सिल घेतली. दादाने डावीकडून बोट ठेवलं आणि धडाधड नावं सांगायला लागला. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. तो चेहरे बघतच नव्हता. ज्या क्रमाने दीक्षा मिळाली त्याच क्रमाने ही मंडळी जन्मभर रांगेत उभी राहिली, जेवायला बसली. ती यादी दादाला पाढ्यासारखी पाठ होती. तो नुसता मोजत होता.

आणि त्या दिवशी फोटोग्राफरने एकाला रांगेतून काढून पुढे जमिनीवर बसवलं होतं, कारण तो फारच बुटका होता. तो बुटका म्हणजे दादा. याच फोटोची एक प्रत आईच्या खोलीत होती, तिची काच मी वर्षानुवर्षं पुसली होती.

"आणि नववा मी," दादा म्हणाला. बोट एका ताडमाड माणसावर होतं.

सिस्टरने चष्म्यावरून पाहिलं. "फादर, तुम्ही एवढे उंच होतात?"

"म्हातारपणी माणूस आखडतो, सिस्टर," मीच बोलून टाकलं. तिने लिहून घेतलं. पुढची नावं एकेक घर सरकत गेली आणि खाली बसलेल्या बुटक्याच्या वाट्याला चौदावं नाव आलं.

जिन्यात दादाने माझा दंड धरला. "चिमणे, खरं सांग. मी कुठला होतो गं?"

थाप मारणार होते. पण इतकं घाबरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "खाली बसलेला," मी म्हटलं.

"म्हणजे नवव्यापासून सगळेच चुकले." तो तिथेच पायरीवर टेकला. "उद्या त्यांचे पुतणे, भाचे येतील आणि परक्याच्याच तोंडाकडे बघून रडतील. चल वर."

"अरे, कळलं तर पाठवतील तुला!"

"पाठवतील. मलाही भीती वाटतेय. चल."

कठडा धरून तो चढला, मी मागून. दारातूनच तो म्हणाला, "सिस्टर, मी मलाच ओळखलं नाही. नवव्यापासून खोडा."

तो नावं सांगत गेला, मी बोट सरकवत गेले. सिस्टरने चौदाही नावं नीट लिहिली. "थँक्यू, फादर," ती अगदी मायेने म्हणाली. मग तिने दुसरा कोरा कागद ओढला, वर 'बिशपांना' असं लिहिलं आणि खाली एकट्या दादाचं नाव.