तांब्याच्या बाजूचं चित्र

सासूबाईंना अजिबात ऐकू येत नाही. मी आंघोळीला गेले की मुलगी पाळण्यात रडून लालबुंद व्हायची आणि त्या तिच्याकडे पाठ करून निवांत लसूण सोलत बसायच्या. त्यांचा काय दोष? म्हणून मी तो दिवा केला. पाळण्याला छोटा माइक, आणि मुलगी रडली की सासूबाईंसमोर लाल दिवा. लग्नाआधी मी रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायचे, हात अजून विसरले नव्हते. मुलगी झोपली की कधी वीस मिनिटं, कधी दहाच, असे दोन महिने गेले.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा सासूबाई लसूण सांडून धावल्या आणि नातीला छातीशी धरून स्वतःच रडल्या.

धाकट्या दिराचं हौशी लोकांसाठीच्या किटचं दुकान आहे. डबीत सुटे भाग आणि जोडणीचं चित्र, घरी बसून जोडा.

“वहिनी, हे किट म्हणून काढू या,” ते म्हणाले.

“माझं नाव टाकाल, भाऊजी?”

“म्हणजे काय! चांगलं ठळक.”

मला बाकी काही नको होतं. मुलगी मोठी झाली की तिला ती डबी दाखवायची होती, बस्स.

सुटे भाग ज्या पट्टीवर बसवायचे, तिच्या खालच्या, तांब्याच्या बाजूने मी चित्र काढलं. कारखान्यात आम्ही तसंच काढायचो, कारण सोल्डर त्याच बाजूला होतं. कोपऱ्यात तसं स्पष्ट लिहिलं आणि त्याखाली माझं नाव.

डब्या छापून आल्या. नाव दिराचं.

“घरातच राहिलंय ना नाव? परक्याकडे थोडंच गेलंय?” नवरा म्हणाला. सासूबाई शेजारणीला डबी दाखवत नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगत होत्या, “माझ्या धाकट्यानं केलाय हा दिवा!”

पंधरा दिवसांनी दीर परत आलेल्या किटची पिशवी घेऊन दारात उभे.

“वहिनी, तुझं डोकं कुठे असतं गं? एकाचाही दिवा लागत नाहीये!”

मी एक उघडून पाहिलं. सोल्डर किती नेटकं केलं होतं जोडणाऱ्या बिचाऱ्याने! पण ट्रान्झिस्टर उलटा. मग सोबतचा कागद पाहिला. चित्र माझंच, फक्त कोपरा नव्हता. माझं नाव काढायला कात्री चालवली आणि त्याबरोबर ‘चित्र तांब्याच्या बाजूने’ ही ओळही गेली. आता सगळ्यांनी ते वरून काढलेलं समजून जोडलं होतं, म्हणजे डावं-उजवं उलटं. बाकीच्या भागांचं निभावलं, पण ट्रान्झिस्टरचे पाय उलटे पडले.

“कोपरा का कापलात?”

“कागद डबीत मावत नव्हता,” पिशवीची गाठ मारत ते म्हणाले. “ते जाऊ दे. ही चिठ्ठी प्रत्येक डबीत घालायची. बरोबर आहे का बघ.”

चिठ्ठीत लिहिलं होतं की चित्र काढताना चूक झाली, क्षमस्व. खाली माझं पूर्ण नाव. ठळक.

“नाव हवं होतं ना तुला?”

मी पेन घेतलं. नाव खोडलं, चूक खोडली, क्षमा खोडली. उरलेल्या जागेत एवढंच लिहिलं: ‘ट्रान्झिस्टर काढून सपाट बाजू विरुद्ध दिशेला करून बसवा.’ कुणाच्या तरी घरी बंद दिव्यासमोर एखादं मूल रडत असेल, त्याला तेवढं पुरे होतं.

“कमाल आहे! दिलं तरी नको,” दीर म्हणाले.

सासूबाईंनी हातानेच विचारलं, काय झालं? दिराने त्यांच्याशी बोलायला ठेवलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘वहिनीची चूक झाली होती. मी निस्तरली.’

त्यांनी वाचलं. जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे गं. पदरात लहान पोर आहे, होतं असं.”

पाटी माझ्या हाताशीच होती. त्या मात्र लेकाकडे इतक्या कौतुकाने बघत होत्या की मी ती पुसली आणि मुलीला पाजायला आत गेले.