कार्बनखालची प्रत

फार्मसी डिप्लोमाच्या वर्गात तिला सगळे छापखाना म्हणत. सर बोलायचा अवकाश, तिच्या वहीत मुद्दे, उपमुद्दे, आखीव तक्ते तयार. म्हणूनच शेजारी बसणाऱ्या मुलीला ऐकू येत नाही म्हटल्यावर वर्गाच्या बाईंनी हिलाच गाठलं. ओठ वाचायचे आणि त्याच वेळी लिहायचं, हे त्या मुलीला जमणार कसं? झेरॉक्स दोन दिवसांनी मिळायची, तोवर धडा पुढे गेलेला. तेव्हा छापखान्याने पानाखाली कार्बन घालून लिहायचं आणि तास संपला की खालची प्रत शेजारणीला द्यायची, असं ठरलं.

पहिल्या सत्रात शेजारीण पहिली आली. छापखाना दुसरी, तीन गुणांनी.

"तुझ्याच टिपणांवर ती पहिली?" आई भाजी निवडता निवडता म्हणाली. "मग तू काय वाचत होतीस, बाई?"

वर्गात तर चिडवण्याला ऊतच आला. "काय छापखाना, मालकीण दुसरीच निघाली की." ती हसली, पण आतून जळफळाट. शेजारणीला तोंडी परीक्षेचे प्रश्न लिहून मिळतात, वर बाईंची शाबासकी. आपल्याला काय, तर निळी झालेली बोटं.

दुसऱ्या सत्रात तिने युक्ती काढली. सर "हे परीक्षेत येतं" म्हणाले की ती कार्बन अलगद खाली ओढायची. वरच्या पानावर अक्षर, खालच्यावर कोरी जागा. कोण बघतंय? लहान मुलांच्या औषधमात्रांचा अख्खा तक्ता तिने असाच गाळला, आणि त्या दिवशी घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी शेजारणीने तिच्यापुढे चार पानं ठेवली.

"सर फार भरभर बोलले असणार. बरंच सुटलंय. पुस्तकातून शोधून लिहिलं. तुझ्याकडेही नसेल ना, म्हणून दोन प्रती केल्या."

तिने पानं चाळली. मात्रा सगळ्या बरोबर. शिवाय बाळाच्या वजनावरून मात्रा कशी काढायची, ते उदाहरणासकट. ते तिच्या स्वतःच्या वहीतही नव्हतं. म्हणजे इथेही हीच पुढे. थँक्यू म्हणून पानं दप्तरात टाकली असती, तर विषय संपत होता. तीन गुणही कदाचित भरून निघाले असते.

"माझ्याकडे आहे हे," ती पानांकडे बघत पुटपुटली. "तुझ्या प्रतीतून मी मुद्दाम गाळलं."

शेजारणीने तिच्या कोपराला हात लावला. "खाली बघून बोलू नकोस गं, मला कळत नाही. काय म्हणालीस?"

काही नाही म्हणायला अजूनही वाव होता. सर दाराशी कुणाशी तरी बोलत उभे होते. तिने चेहरा वर केला आणि तेच वाक्य, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं.

वाक्य संपलं, तरी शेजारीण तिच्या ओठांकडेच बघत राहिली.