सगळ्यांच्या घरी एकच पत्ता

कपड्यांचा ड्रायर टर्रर्र करून थांबला आणि घरातली मोलाची शांतता मोडली. आता तूली उठणार! माझी ही चार वर्षांची लेक ड्रायरच्या घरघरीवर झोपते, आणि ती झोपली की त्याच ड्रायरवर लॅपटॉप ठेवून मी काम करते. ती झाल्यापासूनचं हे माझं पहिलं काम: सासूबाईंच्या वेलचीपावांची वेबसाइट. आज दुपारपासून मागण्या घ्यायच्या होत्या. लिंक मी नुकतीच पाठवली होती आणि सासूबाईंनी, इल्मींनी, ती लगोलग चर्चमधल्या सगळ्या मैत्रिणींना धाडली होती.

फोन वाजला.

"अगं, पाव कुठायत?"

"म्हणजे? उघडत नाहीये?"

"'सापडत नाही' म्हणतंय. हेल्मीकडे तेच, आइनोकडे तेच. इथे पीठ फुगून टोपाबाहेर डोकावतंय, आणि अर्व्हो म्हणतो, वहिनीला राहू दे, साइट मीच बनवतो."

अर्व्हो म्हणजे माझा दीर. त्याने बनवली असती तर जन्मभर ऐकवलं असतं.

"पण इल्मी, माझ्याकडे तर छान दिसतंय!"

"तुझ्याकडे दिसून काय करू? सगळे पाव तू एकटी खाणारेस का?"

मी पाठवलेली लिंक पुन्हा वाचली. लोकलहोस्ट! अरे देवा. हा पत्ता म्हणजे नुसतं 'इथेच'. जो उघडेल त्याचंच यंत्र. घरच्या घरी करून बघायला ठीक, गावाला वाटायला नाही. सकाळी साइट खऱ्या पत्त्यावर चढवली होती मी, आणि पाठवला मात्र हा! म्हणजे अख्ख्या डुलुथ गावातल्या आज्या आपापल्या फोनच्या पोटात माझ्या सासूचे पाव शोधत होत्या.

मला हसू आवरेना.

"दात काय काढतेस?"

कसंबसं सांगितलं. पलीकडूनही खो खो हसू.

"म्हणजे मी हेल्मीला सांगितलं, पाव तुझ्याच घरात आहेत, शोध!"

"ओव्हन उघडून बघितला असेल त्यांनी!"

"बघितलाच असणार, तिला मी ओळखते!"

खरा पत्ता पाठवला. घटकाभरात माझ्या स्क्रीनवर पहिल्या मागणीची टिंग, मग टिंग टिंग, मग नुसती टिंगटिंगाट.

"अर्व्हो!" फोनवरूनच इल्मी ओरडल्या, "ये, टोप घासायला घे!"

तूली डोळे चोळत आली आणि मांडीवर चढली. गालावर उशीची घडी उमटलेली.

"मुम्मोआजीचे पाव हरवले होते?"

"नाही गं राणी. ते होते तिथेच होते. मी पत्ता चुकीचा दिला."

तिने टिंग ऐकली, विचार केला.

"मग मी तुझ्या पोटात यायच्या आधी माझा पत्ता काय होता?"