अर्धा कायदा

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीला कापसाच्या ढिगात लपवलं.

दिवाळीची सुट्टी होती. आम्ही माझ्या माहेरी, बोरीला आलो होतो आणि सातवीतल्या भक्तीला आजोबांबरोबर कापूस वेचायचा होता. मला तिला उन्हात पाठवायचं नव्हतं. चहा पिता पिता मी वर्गात बोलते तशी म्हणाले, "अण्णा, लहान मुलांना कामाला लावणं गुन्हा आहे. तपासणीचं पथक येतं, शिक्षा होते."

घाबरले ते अण्णा, भक्ती नाही. दुपारी मी जेवण घेऊन शेतात गेले, तर ती कमरेला झोळी बांधून आजोबांच्या पुढे वेचत होती.

तेवढ्यात शेताच्या धुऱ्यापाशी, बांधालगत एक पांढरी जीप थांबली.

"आलं पथक!" अण्णांनी नातीला ओढत नेऊन ढिगात बसवलं आणि वरून कापूस लोटला.

जीपमधून एक माणूस उतरला. "काका, येलदरीला..."

"एकलाच वेचायलोय साहेब! घरात लेकरूच न्हाई. ही लेक हाय, पण लय वयाची हाय."

ढीग शिंकला.

"मांजर हाय," अण्णा म्हणाले.

"मांजरानं चप्पल घातलीय," तो माणूस म्हणाला. "मला फक्त येलदरीचा रस्ता पाहिजे. मासे आणायचेत."

जीप गेल्यावर अण्णा माझ्याकडे वळले. "राजेश्री, आता सगळा कायदा सांग."

सांगावा लागला. "शाळा बुडत नसेल, काम धोक्याचं नसेल, तर घरच्या शेतात मुलं मदत करू शकतात."

"मग सकाळी अर्धाच का सांगितलास, मास्तरीणबाई?"

"पण आजोबा," ढिगातून डोकं काढत भक्ती म्हणाली, "लपायचं काम धोक्याचं होतं. नाकात कापूस गेला."

दिवस बुडेपर्यंत दोघं हसत वेचत राहिली. पहाटे अण्णा झोपेतच गेले.

तेरवी झाल्यावर उरलेला कापूस वेचायला आम्ही मायलेकी गेलो. मला जमेना. भक्ती रागावली, "आई, अख्खं बोंड कशाला तोडतेस?"

मला कोणी शिकवलंच नव्हतं. लहानपणी अण्णा मला शेतातल्या कडुलिंबाखाली बसवायचे, "तू वाच" म्हणायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लेक वाचायलीय माझी." ते सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की मी मुकाट पान उलटायचे.

भक्ती वेचत पुढे गेली. मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, मला पण तुमच्यासंगं वेचायचं होतं."