ओठांची बोली

“जा रे धोट्या, ये रे धोट्या, हिव आलं दारी,
माझ्या लेकीपुरती ऊब विण सारी...”

बायकोचा, मार्थाचा तो आवाज ईनॉकच्या कानात अजून होता. ती जाऊन कितीतरी हिवाळे उलटले. तरी हातमागावर बसून सुताचा धोटा इकडून तिकडे फेकू लागला की पहिली ओळ त्याच्या तोंडी यायची, आणि खाली चुलीपाशी ओटच्या भाकऱ्या भाजणारी त्यांची लेक टेमर दुसरी ओळ उचलायची. इंग्लंडातल्या लँकशायरच्या त्या उतारावर घरोघरी माग होते, मागामागावर गाणी होती.

मग ओढ्याकाठी वाफेची गिरणी उठली. हातमागाच्या कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही. चूल पेटती राहावी म्हणून टेमर गिरणीत जाऊ लागली.

आता ईनॉक माडीवरून ओळ टाकायचा आणि ती खाली तशीच पडून राहायची. टेमर पाठमोरी. ना मान वर, ना हुंकार.

‘बापाचं गाणं हलकं वाटायला लागलं हिला,’ तो मनाशी म्हणे.

शनिवारी संध्याकाळी गिरणीतली डॉर्कस दारात आली. दोघी समोरासमोर उभ्या राहून, आवाज न काढता, ओठ आणि भुवया नाचवू लागल्या. मध्येच डॉर्कसनं माडीकडे बोट केलं. टेमरनं घाईघाईनं ‘नाही, नाही’ अशी मान हलवली.

जिन्यात उभ्या ईनॉकच्या अंगाची आग झाली. डॉर्कस जाताच तो खाली उतरला.

“काय शिजतंय गं तुमचं?”

टेमर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “काही नाही, बाबा.”

“काही नाही बोलायला एवढं तोंड वेंगाडावं लागतं?”

“गिरणीत सगळ्याच असं बोलतात. मागांच्या खडखडाटात आवाज कुठे पोचतो?”

“इथे कुठला आलाय खडखडाट? इथे बाप आहे! परवा आपल्या हातमागवाल्यांतल्या कुणी गिरणीचे माग फोडले, तर शिपाई नेमके आपल्याच गल्लीत कसे शिरले? नावं कुणी दिली त्यांना?”

“मी कुणाचं नाव घेतलं नाही, बाबा. शप्पथ.”

पुढचं तिच्या तोंडावर बोलवेना. तो खिडकीकडे वळला. बाहेर धुराड्यानं आभाळ काळं केलं होतं.

“आईनं या घरात ऊब विणली, तू चहाड्या आणल्यास. गाठोडं बांध, आणि जा त्या गिरणीतच राहायला.”

मागे रडणं नाही, भांडण नाही. भांड्याचा बारीक आवाज तेवढा झाला. त्यानं वळून पाहिलं. टेमर त्याच्यासाठी वाडग्यात पेज ओतत होती.

“बसा ना. गार होईल.”

“एवढं बोललो मी, आणि तू...”

तिचा हात थांबला. वाडगा खाली ठेवून ती जवळ आली आणि त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा तिनं हलकेच उजेडाकडे वळवला.

“खिडकीकडे बघून काही बोललात का? पुन्हा बोला. ओठ दिसले तरच कळतं मला.” ती थबकली. “त्या खडखडाटानं कान गेले माझे, डॉर्कस तुम्हाला सांग म्हणत होती. ऐकू येत नाही, बाबा. काहीच येत नाही.”