पदर पुढून घेतलेली कोठी

मित्रांनो, वर्षातले तीन दिवस सोडले तर मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे. त्या तीन दिवसांत मी कोण असते ते सांगतेच, पण आधी नीट बसा. मला घाईत बोलायला आवडत नाही. आणि गोष्ट संपेपर्यंत माझ्या पोटावर कोणी टिचकी मारायची नाही. का, ते शेवटी कळेल.

माझा जन्म बडोद्याचा, घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एका कारागिराच्या हातोडीखाली. आम्ही दोघी बहिणी एकाच दिवशी घडलो. मोठीला पत्रा भरपूर मिळाला. माझ्या वेळी तो कमी पडला, म्हणून मी चार बोटं बुटकी राहिले. कारागिरानं मला आडवं-उभं बघितलं आणि "चालशे", म्हणजे चालेल, म्हणून झाकण बसवलं. झालं! त्या एका "चालशे"वर माझं आजवरचं आयुष्य चाललंय.

आम्हाला घरी आणलं स्नेहलताबाईंनी. तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्यांचे यजमान सुभाषराव नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात नव्यानं लागले होते. मोठीच्या पोटात गहू गेले, माझ्या पोटात तांदूळ. शेजारच्या गुजराती बायकांचं बघून बाई तांदळाला दिवेल, म्हणजे आपलं एरंडेल, चोळायला शिकल्या. किड्यांची काय बिशाद होती माझ्यात शिरायची!

मग भाद्रपद आला. बाईंच्या सासरचे गौरींचे दोन पितळी मुखवटे होते, पण मुखवट्यांखाली धड नको का? बाई स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघींकडे एकटक बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आज चिंचेनं घासणार. तर त्यांनी आमच्या झाकणांवर मुखवटेच ठेवले! मी बुटकी, म्हणून मला पाटावर चढवलं. कंबर दिसावी म्हणून टॉवेल गुंडाळला, निऱ्यांना कपडे वाळवायचे चिमटे लावले. हातांचं काय? सुभाषरावांचे कारखान्यातले जुने सुती हातमोजे होते, त्यात कापूस भरला आणि वर हिरव्या बांगड्या चढवल्या. वरून जरीची साडी नेसवली. सगळा संसार असा अंगावर चढवून आम्ही दोघी गौरी झालो, मोठी ज्येष्ठा आणि मी कनिष्ठा.

सांगा बरं, जगात कुठल्या कोठीला जरीची साडी मिळते? आयाबाया येत, हात जोडत, "काय तेज आहे गं गौरींच्या तोंडावर!" म्हणत. तेज पितांबरीचं होतं, पण मी कशाला बोलू? रिकाम्या कोठीवर गौर उभी करायची नाही, हा बाईंचा नियम. त्यामुळे पोटही भरलेलं आणि मानही मिळालेला. तीन दिवस झाले की साडी उतरायची आणि चौथ्या दिवशी कोणीतरी माझ्यातून खिचडीचे तांदूळ काढायचं. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

पुढे बाईंच्या मुलानं, अमोघनं, स्वयंपाकघरात क्रिकेट खेळताना माझ्या पोटाला हा असा मोठा पोचा पाडला. मेल्यानं वर "सिक्सर!" म्हणून उड्याही मारल्या. तेव्हापासून माझ्या निऱ्यांखाली एक घडी घातलेला पंचा असायचा. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. तुम्हीही बोलू नका.

दिवस बदलले. बिऱ्हाड मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आलं. तांदूळ छोट्या पिशव्यांतून येऊ लागला आणि आमची रवानगी गॅलरीत झाली. माझ्या पोटात आता जुन्या वायरी आणि हवा गेलेला फुटबॉल! तांदूळ सांभाळलेल्या पोटात फुटबॉल! पण म्हटलं, भाद्रपद येईल.

यंदाचा भाद्रपद मात्र उलटाच आला. बाई जिन्यात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. हाताच्या दुखण्याला त्या रडल्या नाहीत. "माझ्या गौरींना आता साड्या कोण नेसवणार?" म्हणून मात्र रडल्या.

अमोघ म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नकोस. मी फायबरच्या तयार गौरी मागवल्यात. हातबीत सगळं आहे. आणि त्या गंजक्या कोठ्या आता भंगारात देऊ."

माझ्या पोटात धस्स झालं. पोटात धान्याचा दाणा नाही, त्यामुळे ते धस्स बराच वेळ घुमलं.

गौरी यायच्या दिवशी आम्हाला खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवलं. वर काय घडलं ते मला नंतर कळलं. फायबरच्या पहिल्याच बाईसाहेबांची कंबर मुठीत मावेल एवढी! तिच्यावर आमचा जड पितळी मुखवटा ठेवला, तर तिनं सगळ्यांना लवून नमस्कार केला आणि हळदीच्या वाटीत नाकावर आपटली. पुन्हा उभी केली, पुन्हा आपटली. सुभाषराव आता निवृत्त झालेत, पण कारखाना त्यांच्या अंगातून गेलेला नाही. ते म्हणाले, "वर लोड आहे आणि बेसच नाही. आमच्या प्लांटमध्ये हे पासच झालं नसतं."

हे ऐकलं मात्र, अमोघची बायको कोमल चपलाही न घालता जिन्यानं खाली धावली. कोमल कारेलीबागेतल्या गुजराती घरातली. नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि हा तिचा पहिलाच गौरींचा सण. भंगारवाल्यानं मोठीला हातगाडीवर चढवलं होतं आणि तो मला उचलत होता.

"ऊभा रहो भाई!" कोमल ओरडली. "ए तो मारां सासुनां माताजी छे!" म्हणजे, या तर माझ्या सासूबाईंच्या देवी आहेत!

भंगारवाल्यानं मला अलगद खाली ठेवलं, दोन पावलं मागे सरला आणि हात जोडले. गंजलेल्या कोठीला, मित्रांनो! आतल्या फुटबॉलसकट!

वर नेऊन आम्हाला पुसलं. पोटात गहू-तांदूळ भरले. बाई खुर्चीत बसून सांगत होत्या आणि कोमल घामाघूम होऊन मोठीला साडी नेसवत होती. जमली कशीबशी. तेवढ्यात कुकर तिसऱ्यांदा ओरडला म्हणून बाई आत गेल्या, आणि कोमल एकटी माझ्यासमोर उभी राहिली.

तिला माझा पोचा दिसला. पंचा कुठे सापडेना. निऱ्या लावल्या की त्या पोच्यात बुडत होत्या. तिनं मान तिरकी केली, ओठ चावला, आणि मग तिच्या आईनं शिकवलेली एकच गोष्ट तिला आठवली. तिनं गुजराती पद्धतीनं पदर मागून घेतला, माझ्या उजव्या खांद्यावरून पुढे आणला आणि पोटावर पंख्यासारखा पसरला. सगळी जर समोर आली. पोचा दिसेनासा झाला! इतकी वर्षं पाठीमागे लपलेला पदरावरचा जरीचा मोर पहिल्यांदा लोकांपुढे आला. मी एवढी छान कधीच दिसले नव्हते, खरं सांगते.

बाई बाहेर आल्या आणि थबकल्या. "अगं कोमल! गौरीचा पदर पुढून?"

"आई, मला नेसवायला एवढंच येतं," कोमल म्हणाली. मग हळूच, "आणि गौर माहेरी येते ना? बडोदा तिचं माहेर. बडोद्याची मुलगी माहेरी अशी पण नेसेल ने?"

बाई काही बोलणार तोच बेल वाजली. कुसुमावतीकाकू!

या काकू म्हणजे संस्थानी फौजेतल्या जुन्या घराण्यातल्या. दरवर्षी आमच्या गौरींना पहिलं हळदीकुंकू त्याच लावत. एका घरच्या गौरीची नथ त्यांना उलटी दिसली होती, तर त्या घराला लोक अजून "नथवाले" म्हणतात. काकूंनी आता "ही आपली रीत नव्हे" म्हटलं असतं, तर कोमलच्या कपाळी जन्मभराचा शिक्का बसला असता. तिचे डोळे भरले. "मी काढते," म्हणत तिनं माझ्या पदराला हात घातला.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

तिकडे सुभाषराव दारात उगाच खुडबुड करत होते. "लॅच अडकलंय हो, एक मिनिट." लॅचला काहीही झालेलं नव्हतं. इकडे बाईंनी डाव्या हातानं स्वतःचा पदर खांद्यावरून ओढला, पाठीमागून फिरवला आणि उजव्या खांद्यावरून पुढे घेतला. एका हातानं तो धड बसेना. कोमलनं डोळे पुसले आणि त्याचं टोक कमरेला खोचलं. ते नेसणं पुरतं गुजराती नव्हतं आणि मराठीही राहिलं नव्हतं. बडोद्याचं होतं.

काकू आत आल्या. चष्मा वर केला. मोठीला बघितलं, मान हलवली. मला बघितलं आणि मान थांबली.

"स्नेहलता, ही कुठली रीत?"

"आमच्या घरची."

काकू वळल्या. बाईंच्या पुढच्या पदराकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं. "कधीपासून?"

"आत्तापासून," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

काकू हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या, मुखवट्याला हळदीकुंकू लावलं आणि माझा पदर सारखा करायला हात घातला. बोट थेट पोच्यात गेलं. काकूंनी बोट जरा फिरवलं, पदर होता तसाच ठेवला आणि भाजी-भाकरीचा नैवेद्य छान झाल्याचं सांगून निघाल्या. दारात मात्र त्यांनी कोमलला बाजूला घेतलं.

"पुढच्या वर्षी आमच्याकडे ये हो. आमच्या धाकट्या गौरीला अशीच नेसव."

"काकू, तुमच्या पण...?"

"माझ्या लेकीनं सायकल घातली होती तिच्या पोटावर. कुणाला बोलू नकोस."

तर मित्रांनो, अशी ही गोष्ट. फायबरच्या दोघी बाईसाहेब आता गॅलरीत असतात आणि सुभाषरावांचे ओले शर्ट अंगावर वाळवतात. बिचाऱ्या! मी त्यांना बोलत नाही, त्यांचेही दिवस येतील. एवढंच सांगते, की घरातली जुनी वस्तू काढून टाकण्याआधी तिच्यासमोर क्षणभर मान तिरकी करून उभे राहा. पोचा असेल तर लाजू नका, पदर पुढून घेऊन बघा.

आता मारा टिचकी. मारा की! वाजतं का काही? नाही ना? कोमलनं दिवेल चोळून नवा तांदूळ भरलाय. पोट भरलं आहे माझं.