लाल घळीतली वंदना

"काय लिवलंय रे दारावर?" सुलोचनाबाईंनी विचारलं. म्युझियमच्या दारावरची पाटी वाचून प्रज्ञेश थबकला होता.

"काही नाही, आई. गेलेल्या माणसांचे फोटो आहेत आत. एवढंच."

गेलेल्या माणसांचे फोटो असतात हे सांगायला पाटी कशाला लागते, ते सुलोचनाबाईंना उमगेना. औरंगाबादला त्यांच्या गल्लीत असा फोटो नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. बुद्ध, बाबासाहेब, आणि शेजारी घरातलं गेलेलं माणूस. नव्हता तो फक्त मुलाच्या परदेशातल्या, पॉइंट कुकच्या घरात.

त्यांच्या यजमानांना, यादवरावांना जाऊन आज वर्ष झालं होतं. उभा जन्म विजेच्या खांबांवर काढलेला माणूस, अंगणात चहा पिता पिता बसल्या जागी गेला. मुलाकडे येताना सुलोचनाबाईंनी त्यांचा फोटो साड्यांच्या घड्यांत घालून आणला होता. प्रज्ञेश म्हणाला, लावू. मग म्हणाला, भाड्याचं घर आहे, खिळा मारता येत नाही. मग चिकटवायचे हुक आणले, ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडले. बापाचा विषय निघाला की त्याला फोन तरी यायचा, नाहीतर कचऱ्याची बिन बाहेर ठेवायची आठवण तरी व्हायची. आणि नेमकी पहिल्या स्मृतिदिनालाच त्याने ही वाळवंटातली सहल काढली. ओवीला सुट्टी आहे, तिथे डोंगरात कोरलेलं आहे, तुला लेण्यांसारखं वाटेल, म्हणाला. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. पोरगा बापाला विसरला का, एवढंच त्यांना जायच्या आधी कळायला हवं होतं. विचारायचं कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

आत पत्र्याच्या छपराखाली गार होतं. काचेमागे दगडी पाटा आणि मुठीएवढा वरवंटा पाहून त्यांना बरं वाटलं. पुढच्या भिंतीवर एका फ्रेमवर पांढरं कापड घातलेलं होतं.

"पाहुणे यायचेत वाटतं अनावरणाला," त्या सुनेला हळूच म्हणाल्या. "आपण घाईच केली. थांबलो असतो, तर च्या तरी मिळाला असता."

भावना हसली आणि आपल्यालाही माहीत नाही म्हणाली. कापड जरा वाकडं झालं होतं, ते सरळ करायला सुलोचनाबाईंनी हात पुढे केला, तर सहा वर्षांची ओवी कुजबुजली, "आजी, डोन्ट टच!"

तिथून मार्लीन नावाची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक बाई सगळ्यांना घळीत घेऊन गेली. दोन्ही बाजूंना लाल कडे, मध्ये कोरडी नदी. एका कड्यावर वर्तुळं आणि पक्ष्यांची पावलं कोरलेली होती. मार्लीन सांगत होती की तिची माणसं कधीपासून इथे आहेत, ते मोजायला वर्षं पुरायची नाहीत. प्रज्ञेश ते मराठीत करून सांगत होता, पण सुलोचनाबाईंचं लक्ष कधीच उडालं होतं. डोंगरात कोरलेली जागा, वर शांतता, आणि आजचा दिवस. त्यांनी चपला काढल्या. कड्यापुढे बांधलेल्या दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या, कोरीवकामाखालच्या कपारीत पिशवीतला यादवरावांचा फोटो टेकवला, मेणबत्ती काढली आणि हात जोडून त्रिशरण सुरू केलं.

मार्लीनने फोटो पाहिला आणि झटकन पाठ फिरवली. टोपी डोळ्यांवर ओढून ती हलक्या आवाजात काहीतरी बोलली.

"आई, उचल तो," प्रज्ञेश म्हणाला. "तिथे काही ठेवायचं नसतं. आणि तिला फोटो बघायचा नाहीये."

"बापाचा फोटो हाय तुझ्या. कामून उचलू?"

प्रज्ञेशने मग समजावून सांगितलं. मार्लीनचा भाऊ नाताळात गेला. यांच्यात माणूस गेलं की बरेच दिवस त्याचं नाव घेत नाहीत, फोटो बघत नाहीत. ते कापड त्याच्याच फोटोवर आहे. त्याच्या नावाचा आणखी एक जण आहे, त्यालाही सध्या दुसऱ्याच नावाने हाक मारतात.

सुलोचनाबाई फोटो छातीशी धरून उभ्या राहिल्या. आपल्याकडे नाव घेतलं नाही तर माणूस विसरला म्हणतात. इथे नाव घेतलं तर?

"म्हंजे कुणाचं नाव घ्यायचं न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या, "हे समद्या गावानं रोज ध्यानात ठिवायचं."

त्या प्रज्ञेशकडे वळल्या.

"तू बी तसंच करायलास का रे, बाळा?"

"मला माहीत नाही, आई." तो खाली वाळूकडे पाहत होता. "मला विमान मिळालं नाही. मी बाबांना शेवटचं फोनवर बघितलं. स्क्रीन हलत होती, मध्येच अडकायची. आता कुठलाही फोटो बघितला ना, की तेच दिसतं. अडकलेलं."

तो फोन शेजारच्या पोराच्या हातात सुलोचनाबाईंनीच दिला होता. नीट धर, जवळ ने, प्रज्ञेशला चेहरा दिसू दे, असं अंत्ययात्रेच्या गर्दीत त्याच सांगत होत्या. तेवढं तरी पोराला मिळावं म्हणून. बरं केलं की वाईट केलं, आता काहीच कळेना.

मार्लीनने त्यांना घळीच्या तोंडाशी एका मोठ्या झाडाखाली नेलं. विस्तव चालणार नाही, पण प्रार्थना इथे करा, म्हणाली. भावनाने फोटो ओढणीत गुंडाळून घेतला. सुलोचनाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. ओवी सगळं पाठ असल्यासारखी मागून म्हणत होती. मग गेलेल्या माणसाचं नाव घेऊन करायच्या पुण्यानुमोदनाची वेळ आली.

"आज आमचे कालकथित..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

प्रज्ञेशचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मार्लीन टोपी हातात घेऊन उभी होती. एक पूर्ण नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या सुलोचनाबाई थांबल्या. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं.